पाटलाला ओ द्यायची नाही

समीक्षा जेवणाचा डबा घेऊन खळ्यावर आली तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. कापलेलं भात भारे बांधून खळ्यावर रचलेलं होतं आणि रानडुकरं येतात म्हणून तिचे दोघे भाऊ, दिनेश आणि अमित, राखणीला बसले होते. सोबतीला नवसूकाका. काकाला कोणी बोलावलं नव्हतं. म्हाताऱ्याला घरात झोप लागत नाही, म्हणून तो कुठल्यातरी खळ्यावर जाऊन बसतो, एवढंच.

भाकऱ्या उघडल्या. वैशाखऱ्याच्या रस्त्यावरून एक ट्रक घाटाकडे गेला आणि त्याच्या उजेडात भाताची उडवी क्षणभर पिवळी दिसली. मग वाडीकडून समीक्षाच्या आईची हाक आली.

"समीक्षाऽ! ए समीक्षाऽ!"

समीक्षा तोंडातला घास गिळून ओ देणार, तेवढ्यात वाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, ओढ्याच्या अंगाने, एका पुरुषाचा आवाज आला.

"ओऽऽ!"

दिनेशला ठसकाच लागला. "झालं! साईदादाने दिली ओ. तुझं बारसं परत केलं काय गो?"

"परवा मी आपल्या कुत्र्याला बोलावत होतो," अमित म्हणाला, "तर तिकडनं हा म्हणतो, ओऽ!"

तिघं हसली. काका हसला नाही. त्याने भाकरीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला.

"रात्रीच्या हाकेचं काय शिकवलंय तुमाला?"

"पयल्या हाकेला ओ द्यायची नाय," दिनेश म्हणाला. "दुसरीला पण नाय. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी आली तर समजायचं, माणूस आहे."

"मग हे साईनाथला कोणी शिकवलं नसंल?"

दिनेशने हातातला घास खाली ठेवला.

"शिकवलं होतं," काका म्हणाला. "समीक्षा, आईला सांग उशीर होईल म्हणून. आणि इकडे ये, उजेडात बस. सांगतो. थोडं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. बाकीचं त्याने एका सकाळी मला सांगितलं. पण मध्ये हसायचं नाय."

काकाने सांगितलं ते असं.

साईनाथ आणि त्याची मोठी बहीण हौसा, घरात दोघंच. आईबाप लागोपाठ गेले तेव्हा हा हौसाच्या कडेवर होता. तिनेच त्याला वाढवला. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, तशी ही दोघंही शहापूरच्या बाजूला भट्टीवर जायची. त्यात साईनाथची शाळा सहावीलाच राहिली. कोणी हौसाच्या लग्नाचं काढलं की ती म्हणायची, "आधी ह्याच्या डोक्यावर अक्षता पडूंदे." मग ते तसंच राहिलं.

एकदा भट्टीवर रचलेली वीट सुटली आणि तिच्या तोंडावर आली. समोरचा एक दात गेला. दुसरी एखादी जन्मभर तोंडाला पदर लावून हसली असती. हौसाने त्या फटीतून शीळ घालायला शिकून घेतलं. ती ओढ्यावरच्या साकवापाशी पोचली की शीळ घालायची आणि इकडे साईनाथ चुलीत लाकूड सारायचा. बाय आली.

त्याच भट्टीवर वावटळीत एक सुकं झाड पडलं. ढोलीत पोपटाचं पिल्लू सापडलं, एक पंख मोडलेलं. मुकादम म्हणाला, टाकून दे, मांजर खाईल. हौसाने ते पदरात घातलं आणि पुढे भट्टी सुटल्यावर वाडीत घेऊन आली.

वाडीने त्याचं नाव पाटील ठेवलं. काम काही करत नाही, बसल्या जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडतो आणि खायला पहिला हजर. नाव असं बसलं की गावातला खरा पाटील वाडीत आला की बाया पदरात तोंड लपवायच्या.

तर हा पाटील हौसावर जीव टाकायचा. हौसा पेरू घ्यायची, आधी स्वतः एक चावा मारायची आणि उरलेला त्याला द्यायची. न चावलेल्या पेरूला तो शिवायचा नाही. त्या चाव्याची एक गंमत होती. तिच्या पडलेल्या दाताच्या जागी पेरूचा गर तसाच उभा राहायचा, दोन खाचरांच्या मध्ये बांध असतो ना, तसा. पाटील पहिल्यांदा तो बांध खायचा.

पण हौसा जरा नजरेआड झाली की हा किंचाळायला लागायचा. साधं ओरडणं नव्हे. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. साईनाथ तेव्हा भाजीच्या गाडीवर हमाली करायचा. रात्री कल्याणला जायचा, सकाळी येऊन झोपायचा. डोळा लागला की पाटील सुरू. साईनाथ डोक्याचा तापट. उठायचा, शिव्या घालायचा, पिंजऱ्यावर चप्पल मारायचा.

"गप बस रे! मान मुरगाळून रस्सा करीन!"

पाटील पिसं फुलवायचा, मान खालीवर करायचा आणि दुप्पट ओरडायचा. त्याला वाटायचं जत्रा भरली. एकटं बसण्यापेक्षा शिव्या बऱ्या. पुढेपुढे त्याने आणखी एक गोष्ट ओळखली. नुसतं किंचाळलं तर चप्पल येते, पण हौसाच्या आवाजात "साईऽ, ए साईऽ" म्हटलं तर साई स्वतः धावत येतो. मग काय! दिवसभर तेच. आवाज असा हुबेहूब, की मी स्वतः फसलोय. हौसा समोर माझ्याशी बोलतेय आणि तिच्याच घरातून तिचीच हाक येतेय. अंगावर काटा यायचा.

"काका," समीक्षा हळूच म्हणाली, "पोपट पाळायला बंदी आहे. कायदा आहे तसा."

ते डॉक्टरीणबाई पण म्हणाल्या. पुढच्या साली भट्टीवर गेली तेव्हा हौसा त्याला शहापूरला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "हा पाळायचा नसतो. पण ह्याला उडता येणार नाही, सोडलात तर मरेल. मोडक्या पंखांचे पक्षी सांभाळणारी माणसं आहेत. मी बोलून बघते. तोवर सांभाळा."

"सांभाळते बाई. पण वरडतो किती!" हौसा म्हणाली. "ह्या माझ्या भावाचं आणि त्याचं रोज भांडण."

"ओरडल्यावर भाऊ काय करतो?"

"मी शिव्या घालतो," साईनाथ म्हणाला.

बाई हसल्या. "म्हणजे तो बोलावतो आणि तुम्ही येता. त्याला तेच पाहिजे. ओरडला की बघायचं नाही, बोलायचं नाही, खोलीत यायचं नाही. गप्प झाला की लगेच जवळ जायचं, खाऊ द्यायचा. आणि ह्या पक्ष्यांना थव्याची सवय असते. कोण कुठे आहे ते विचारत राहतात. तुम्ही एक हळू आवाज ठरवून घ्या. शीळ घातलीत तरी चालेल. त्याने शीळ घातली की तुम्ही उलट घाला. मग त्याला कळतं, माझं माणूस इथेच आहे."

"आणि नाय ऐकलं तर?"

"आधी जास्त ओरडेल. गप्प झाल्यावरही मध्येच कधीतरी जुनी खोड उसळी मारेल. त्या दिवशी एकदा जरी ओ दिलीत, तर सगळी मेहनत पाण्यात."

हौसाने ते शब्द गाठीला बांधले. घरी आल्यावर साईनाथला समोर बसवून म्हणाली, "हे बघ, मी तुला बोलावायचं असलं की शीळ घालीन. नावाने हाक आली तर समज, पाटील. पाटलाला ओ द्यायची नाय. घे माझी शपथ."

"अगो, पण खरंच तू—"

"मी शीळ घालीन म्हटलं ना? घे शपथ."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मग जे काही सुरू झालं! पाटील दिवसभर साई-साई करायचा. शेजारी त्यांची आत्या राहते, जनाबाई. ती कानात कापूस घालून भात कांडायची आणि म्हणायची, "हौसे, एक तर ह्या वाडीत तो राहील नायतर मी." हौसा हूं की चूं करायची नाही. साईनाथ दातओठ खायचा, पण शपथ होती. आणि खरंच, आवाज कमी कमी होत गेला. पाटील शीळ शिकला. ती पण तिच्यासारखीच, फटीतली. सकाळी तो हळूच शीळ घालायचा, चुलीपासून हौसा घालायची, अंगणातून साईनाथ. तिघं जणू एका झाडावर बसलेत.

मग श्रावण आला.

त्या दिवशी गाडी नव्हती. साईनाथ पुढच्या खोलीत मोबाईल बघत पडला होता. दिवस मावळता हौसा बॅटरी आणि टोपली घेऊन ओढ्याकडे खेकडे धरायला गेली. पाटलाचा पिंजरा मागच्या पडवीत. बाहेर बारीक पाऊस.

"साईऽ... ए साईऽ..."

साईनाथ गालात हसला. "पाटील, आज नाय."

परत हाक आली. परत. त्याने मोबाईलचा आवाज वाढवला. मनात म्हणाला, बाईंनी सांगितलंच होतं, जुनी खोड उसळी मारेल. आज ओ दिली तर सगळं पाण्यात. हाक येत राहिली. बारीक झाली. त्याने घोंगडी कानावर ओढली.

मग हाक थांबली.

साईनाथला आनंद झाला, पोरांनो. जिंकलो म्हणाला. गप्प झाल्यावर खाऊ द्यायचा असतो. त्याने एक पेरू घेतला, हौसासारखा चावा मारला आणि मागच्या पडवीत गेला.

पाटील झोपला होता. एक पाय पोटाशी, चोच पाठीच्या पिसांत. उठवल्यावर त्याने डोळे किलकिले केले. तो कितीतरी वेळ झोपलेला होता.

साईनाथने मागचं दार उघडलं. खाली, ओढ्याच्या बांधावर, गवतात बॅटरी पडलेली होती. जळत होती.

जनावर कुठलं होतं ते कोणी बघितलं नाही. रात्री त्याचं नाव घेऊ नये. पण असं एक विष असतं, त्याने पापण्या जड होतात, जीभ जड होते, ओठ लुळे पडतात. नाव कसंबसं तोंडातून निघतं.

शीळ घालायला ओठ लागतात.

जीपमध्ये घालून मुरबाडला नेली, तिथून पुढे नेली. रस्त्यातच गेली. पहाटे त्याच जीपने परत आणली. साईनाथ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि कोणाशी बोलत नव्हता. आम्हाला वाटलं, धक्का बसलाय. त्याने हाका ऐकल्या होत्या, हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसापासून पाटील मुका झाला. किंचाळणं नाही, शीळ नाही, काही नाही. दाणे टिपायचा, पेरूला शिवायचा नाही. ज्या घरातून वाडीभर आवाज जायचा त्या घरात आता पत्र्यावरून ओघळणारं पाणी ऐकू यायचं.

साईनाथ गाडीवर जायचा बंद झाला. पिंजऱ्यासमोर बसून राहायचा. मोबाईलमध्ये हौसाचे फोटो खूप होते, पण आवाज? एक व्हिडिओ होता. त्यात जीपचा हॉर्न वाजतो आणि हौसाचे नुसते ओठ हलताना दिसतात. तिचा आवाज ह्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या पोपटाच्या गळ्यात. आणि तो गळा उघडत नव्हता.

मी एकदा त्याच्याकडे मीठ मागायला गेलो तर आतून बोलणं ऐकू आलं. "बोल ना रे. एकदाच बोल. साई म्हण. वरड. आता मी कायपण बोलणार नाय. एकदा म्हण, मी ओ देतो. मला ओ द्यायची आहे रे..."

मी मीठ न मागता परत आलो.

सर्वपित्री अमावस्येला जनाबाईने छपरावर पानं ठेवली. भात, भोपळ्याची भाजी, वडा. आईबापाचं पान कावळ्यांनी फस्त केलं. हौसाच्या पानाला एकही शिवेना. कावळे कौलावर बसायचे, पानाकडे बघायचे आणि उडून जायचे. जनाबाई हात जोडून म्हणाली, "पोराचं लगीन मी करीन गो." कावळा नाही. "त्याला उपाशी ठेवणार नाय." नाही. साईनाथ खाली उभा होता. त्याला ठाऊक होतं ती कशासाठी थांबलीय.

जनाबाईचा धीर सुटला. "त्या पाखरात अडकलीय ती. साई, त्याला कुठं तरी पोचव बाबा. ना बोलत, ना मरत. मला रात्री त्याच्या डोळ्यांची भीती वाटते."

साईनाथ उठला. त्याचं सगळं असंच, मनात आलं की पाय बाहेर. वाडीतल्या सुनिलची मोटारसायकल मागून घेतली. पिंजऱ्याचं दार तारेने पिळून बंद केलं, वरून हौसाचं लुगडं गुंडाळलं, दोरीने मागच्या सीटवर आवळलं आणि दुपारी निघाला. सरळगाववरून किन्हवली, तिथून शहापूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं त्या माणसांकडे देऊन मोकळं व्हायचं.

दवाखान्याला कुलूप. बाजूचा चहावाला म्हणाला, "बाई उद्या येतील. ठेवून जा पिंजरा, मी देतो."

साईनाथने दोरीची गाठ सोडायला हात घातला. लुगड्याला अजून चुलीच्या धुराचा वास येत होता. त्याने गाठ सोडली नाही. पायरीवर बसला. चहावाल्याने दुकान आवरलं, तरी बसून होता. मग उठला, पिंजरा तसाच घेऊन परत निघाला.

अमावस्येची रात्र. सरळगाव सोडलं तेव्हा हॉटेलं बंद होत होती. टोकावड्याच्या पुढे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वैशाखरे आलं. वाडीचा फाटा आला. डांबर संपलं. दोन्हीकडे पोटरीला आलेलं भात. मध्यरात्र उलटून गेली होती.

साकव आला.

"किंऽऽऽक!"

पाटील किंचाळला. दीड महिन्यानंतर पहिल्यांदा. साईनाथचा हात ब्रेकवर गेला. गाडी थांबली, बंद पडली. दिवा गेला.

पाटील किंचाळतच राहिला. लुगड्याच्या आत, पंख गजांवर आपटत. साईनाथने मागे वळून बघितलं नाही. सवय, पोरांनो. ओरडला की बघायचं नाही.

मग पाटील गप्प झाला.

साकवाखाली पाणी वाहत होतं. बेडूक... नव्हते. त्या मोसमात बेडूक असतात. नव्हते.

"साईऽ..."

साईनाथ हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटील बोलला! त्याने वळून लुगड्याची कड वर केली, मोबाईलचा उजेड आत धरला.

पाटील दांडीवर बसला होता. चोच मिटलेली. अंग चोरून घेतलेलं. तो साईनाथकडे बघत नव्हता. ओढ्याच्या बांधाकडे बघत होता.

आणि त्याच्याकडे बघता बघता, त्याची चोच मिटलेली असताना...

"ए साईऽ..."

बांधावरून.

साईनाथने लुगडं खाली सोडलं. मोबाईल विझवला. का विझवला, त्याला सांगता आलं नाही.

दोन झाल्या.

तो थांबला. लहानपणापासून शिकवलेलं. तिसरी आली तर माणूस. तिसरी येऊ दे. तिसरी ये...

पाणी वाहत होतं.

तिसरी आली नाही.

भात हललं नाही. वारा नव्हता. कोणीतरी वाट बघत असलं की असतं ना... तसं.

तिसरी आली नाही.

आता काय करायचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मागे न बघता घराकडे चालायचं. मीही तेच केलं असतं. साईनाथच्या घशात ती ओ श्रावणापासून अडकलेली होती. शपथ, वाडीची रीत, बाईंचा सल्ला, सगळं त्याने एका श्वासात फेकून दिलं.

"ओऽऽऽ! ओ बाय! ओऽऽ! आलो गो! आलो!"

आणि रस्त्यावरून खाली भातात उडी मारली. चिखल. गुडघाभर. चपला गेल्या. तो बांधाकडे धावत होता आणि ओ देत होता, ओ बाय, ओ, ऐकतोय मी, ऐकलं होतं गो मी, ऐकलं होतं... मी गोष्टीसारखं सांगतोय तुम्हाला, पण ती ओ आम्ही वाडीत ऐकली. माणसं जागी झाली. कोणी दार उघडलं नाही. अमावस्या होती. मीही उघडलं नाही.

बांधावर कोणी नव्हतं.

जिथे बॅटरी पडली होती तिथे गवत. नुसतं गवत. साईनाथ तिथे उभा राहिला. धाप लागलेली. अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. त्याने खाली बसून गवत चाचपलं. काही नव्हतं.

"बाय?"

...

"बाय, आलो ना मी."

...

मग शीळ आली.

हळू. फटीतली. ओठ नीट झाल्यासारखी.

पण बांधावरून नाही. मागून. साकवावरून. जिथे मोटारसायकल उभी होती तिथून.

लगेच तशीच दुसरी. पाटलाची. पहिलीला उलट दिलेली.

साईनाथला वाटलं, दोन्ही पाटलाच्याच असतील. पण पोरांनो, दुसरी शीळ सुरू झाली तेव्हा पहिली अजून संपली नव्हती.

त्यानेही घातली. कोरड्या तोंडाने, कशीबशी. तिघांच्या तीन. पूर्वी सकाळी घालायचे तशा. मग तो धावला नाही. हळूहळू चालत साकवाकडे आला. धावलो तर ती जाईल, असं त्याला वाटलं.

साकवावर कोणी नव्हतं. गाडी होती. दोरी आवळलेली होती. लुगडं होतं तसंच गुंडाळलेलं.

आत काहीतरी वाजत होतं. कुरकुर... कुरकुर... चोचीने काही फोडल्यासारखं.

तो रात्रभर तिथेच बसला. दोरी सोडायचं धाडस झालं नाही. उजाडताना मी ओढ्यावर गेलो तेव्हा साकवाच्या कठड्याला टेकून बसलेला दिसला, चिखलाने माखलेला. मला बघून त्याने सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं ते. हाका ऐकल्या होत्या, ते पण. मग म्हणाला, "काका, तुमी सोडा. ती दोरी."

काका थांबला. वाडीकडून परत समीक्षाच्या आईची हाक आली. पलीकडच्या टोकाकडून तो आवाज परत आला, "ओऽऽ!" ह्या वेळी कोणी हसलं नाही. समीक्षाने आपणही ओ दिली, बारीक आवाजात.

"म्हणून तो सगळ्यांच्या हाकेला..." दिनेश म्हणाला.

"हाक कोणाला आहे ते ठरवत बसायचं नाय, म्हणतो. आधी ओ द्यायची."

"आणि पाटील?"

"आहे की. पडवीत. डॉक्टरीणबाईंकडे नेला नाय त्याने. आता बोलतो, शीळ घालतो. फक्त 'साई' म्हणत नाय."

"काका," अमितने विचारलं, "तुमी दोरी सोडलीत, मग? आत काय होतं?"

काकाने डबा झाकला. बराच वेळ तो झाकण दाबत राहिला.

"दाराची तार साईनाथने पिळली होती तशीच पिळलेली. मला ती सोडायला पक्कड आणावी लागली. शहापूरला जाताना त्याने सोबत नुसते दाणे घेतले होते. आणि पाटील श्रावणापासून पेरूला शिवला नव्हता."

त्याने अंधारात ओढ्याच्या दिशेने बघितलं.

"पिंजऱ्यात पेरू होता. ताजा, वर दव होतं. पाटील खाली बसून खात होता. एका बाजूने माणसाने चावा मारलेला. आणि त्या चाव्याच्या मधोमध... बांध होता. अजून त्याने खाल्लेला नव्हता."